चार बोटं उंच गादी

सेतुरामरावांच्या मोटारीतल्या झाडून सगळ्या स्क्रूंच्या खाचा उभ्या असत. एकही आडवी नाही, एकही तिरपी नाही. कारखान्यातून गाडी अशीच बाहेर पडली होती, असं ते सांगत. खरं-खोटं मला ठाऊक नाही. पण तिरपी खाच दिसली की त्यांचा हात खिशातल्या बोटभर स्क्रूड्रायव्हरकडे जायचाच, मग तो स्क्रू गाडीतला असो, बँकेच्या खिडकीचा असो, नाहीतर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीचा. मी त्यांच्याकडे खोली बघायला गेले तेव्हा भाड्याचं बोलण्याआधी त्यांनी दाराच्या कडीचे दोन स्क्रू सरळ केले आणि मगच मला आत घेतलं. तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती. आता त्या माणसाची आठवण आली की पहिल्यांदा राग येतो. गंमत आठवायला बराच वेळ लागतो.

मी मूळची साताऱ्याची. तंजावुरात आले ती जुने मोडी कागद वाचायच्या कामासाठी. वर्षभराचं म्हणून घेतलेलं काम नऊ वर्षं लांबलं, आणि ती नऊही वर्षं मी मेलवीदीच्या मागच्या गल्लीत सेतुरामरावांच्या माडीवर काढली. राव पॉलिटेक्निकमध्ये लेथ शिकवून निवृत्त झालेले. उंच, वाळके, लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, आणि वर शाळेतल्या मास्तरांसारखा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. घरात ते आणि त्यांची बायको मंजुळाबाई, दोघंच. मी त्यांना मामी म्हणायची. मुलगी तुळजा तिरुवैयारूला दिलेली. ती तिथे गाणं शिकवायची.

मराठ्यांच्या राज्यात आलेलं घराणं, त्यामुळे घरात मराठी. पण रावांना ना देवनागरी वाचता यायची, ना मोडी. मराठी याद्या ते तमिळ अक्षरांत लिहायचे. तरी मराठीचा तोरा काय विचारता! पहिल्याच आठवड्यात मला ऐकवलं, "बाई, तुमची मराठी रिपेर केलेली हाय. पार्ट बदललेले. आमची ओरिजिनल." मी हसले. ते हसले नाहीत. ओरिजिनल या शब्दावर त्यांना हसता येत नसे.

परसात नारळाच्या झापांची शेड होती आणि शेडमध्ये गाडी. छोटी, फिकट हिरवी, चार दारांची विलायती मोटार. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, त्या कंपनीचे भक्त फार आणि ते फार लवकर दुखावतात. रावांच्या वडिलांनी ती एका परत जाणाऱ्या साहेबाकडून घेतली होती. वडील जुन्या कचेरीत कारकून, आणि त्या काळी सबंध गल्लीत मोटार म्हणाल तर ही एक. घरात येणारी सून हिच्यातून यायची. ओरत्तनाडूहून मंजुळामामी हिच्यातूनच आल्या. पुढे वडील गेले, गाडी थकली, आणि निवृत्त झाल्यावर रावांनी ती "होती तशी" करायला घेतली. मी राहायला आले तेव्हा त्या कामाला चार वर्षं होऊन गेली होती. इंजिन सुटं करून गोणपाटावर मांडलेलं, आणि एका रबरी नळीसाठी विलायतेला लिहिलेल्या पत्राच्या उत्तराची वाट बघणं चाललेलं.

मामींची मागणी एवढीशी होती. कीळवासलच्या बाजूला गॅरेज असलेला अँटनी म्हणून एक मेकॅनिक अधूनमधून यायचा. त्याला कॉफी देताना एकदा त्यांनी माझ्यासमोरच ती सांगितली. "एकदां ह्या वंडीतून तुळजाच्या दारांत उतरायचं. अस्क्या गल्लीनें पाहायचं. मग पुरे." वंडी म्हणजे गाडी आणि अस्की म्हणजे सगळी, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं. मी म्हटलं, मामी, तेरा किलोमीटर तर आहे, ऑटोने दर महिन्याला जाताच की. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अँटनीच्या पेल्यात आणखी कॉफी ओतली. त्या चांगल्याच ठेंगण्या होत्या. ऑटोत बसल्या की पाय जमिनीला टेकत नसत आणि वरून ताडपत्री डोळ्यांवर यायची.

अँटनीला मामींचं म्हणणं पटलेलं. तो रावांना दर खेपेला तेच सांगायचा: मारुती व्हॅनचं इंजिन बसवू, पुढे डिस्क ब्रेक टाकू, बारा व्होल्टची बॅटरी घालू, पोंगलच्या आत गाडी रस्त्यावर. बाहेरून कुणाला कळणारही नाही. "सार, वंडी ओडणुम," म्हणायचा. गाडी धावली पाहिजे. राव शांतपणे विचारायचे, "आणि धावेल ती कोणती वंडी?" अँटनी डोकं खाजवायचा. एकदा चिडून म्हणाला, सार, तुमचे दात तरी ओरिजिनल आहेत का? रावांची कवळी होती. त्यांनी अँटनीला दोन महिने शेडमध्ये पाऊल टाकू दिलं नाही.

हे नुसतं खूळ होतं असं म्हणून सोडून देता आलं असतं तर बरं झालं असतं. पण माणूस हुशार होता. हाताने करायचं एकेक काम असं करायचा की बघत राहावं. दाराच्या मुठीची झिजलेली कळ त्याने लेथवर स्वतः कातली, तीनदा, कारण पहिल्या दोन केसभर जाड होत्या. मूळच्या गाडीला बाहेरचा आरसा नव्हता म्हणून आरसा नाही. वळताना लुकलुकणारे दिवे नव्हते म्हणून दिवे नाहीत, वळायची दिशा दाखवायला दोन दारांमधल्या खांबातून बाहेर येणारा लाल हात तेवढा होता आणि तोही अर्धाच उघडायचा. मी म्हटलं, राव, मागून ऑटोवाल्याने ठोकलं म्हणजे? तर म्हणाले, "चूक त्याची. वंडीची नव्हं." घरात मात्र मिक्सर बिघडला तर नवा आणायला त्यांना तासही लागला नाही.

गाडी सुटी पडलेली असली तरी तिचा सांगाडा आणि मागची सीट जागेवर होती. दुपारी राव झोपले की मामी सुपात शेवग्याचा पाला घेऊन शेडमध्ये जायच्या आणि मागच्या सीटवर बसून पाला काढायच्या. माडीच्या खिडकीतून मला दिसायच्या. खिडकीच्या कडेवर कोपर टेकलेलं, डोळे बाहेर परसावर, ओठ हलताहेत. काही म्हणत असतील, गाणं असेल. न हलणाऱ्या गाडीत बसून त्या कुठे जात होत्या कोण जाणे. पण त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख असायचं ते मी त्या घरात इतर कुठल्याही वेळी पाहिलं नाही.

मग ती वही सापडली, आणि तिथून पुढचं जे झालं त्यात माझा हात आहे.

माळ्यावरच्या पितळी डब्यात रावांच्या वडिलांची एक जाड वही निघाली. मोडीत. राव ती दोन्ही हातांवर घेऊन माडी चढून वर आले, देवाचं काही आणावं तशी. मोडीत लिहिलेलं म्हणजे राजाची आज्ञा, ही त्या घराण्यांतली समजूत. मग त्यात हरभऱ्याचा हिशेब का असेना! वही मोटारीची होती. गाडी घेतल्यापासून तिच्यात काय बिघडलं, काय बदललं, कुठे, कोणाकडून, याची वडिलांनी केलेली टिपणं. मला फार आनंद झाला. मला वाटलं, मुलाला बापाचं अक्षर वाचून दाखवायचं भाग्य मिळतंय.

रोज संध्याकाळी पाचला आम्ही खाली दिवाणखान्यात बसायचो. मी वाचायची, राव तमिळ अक्षरांत लाल पेन्सिलीने यादी करायचे, मामी उंबऱ्यात बसून ऐकायच्या. वडील लिहिणारे गोड होते. कुंभकोणमच्या रस्त्यावर बैलगाडीशी टक्कर होऊन उजवा दिवा फुटला, दुसऱ्या जातीचा दिवा बसवला, "आता गाडी थोडी चकणी दिसते, पण रात्री दोन्ही डोळ्यांनी पाहते." पाऊस आत येतो म्हणून टपाला डांबर. नातीला उलटी होते म्हणून मागची काच पूर्ण खाली जाईल अशी करवून घेतली. मी वाचताना हसायची, मामी पदर तोंडाला लावून हसायच्या. राव लिहीत राहायचे.

पाच-सहा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ती यादी कशाची आहे. वडिलांनी जे जे बदललं ते ते रावांना काढून टाकायचं होतं. दिवा गेला. काचेची सोय गेली. डांबर त्यांनी स्वतः रॉकेलने आठ दिवस घासून काढलं. बापाने वीस-पंचवीस वर्षं त्या गाडीत जेवढा म्हणून जीव ओतला होता तेवढा सगळा मुलगा, बापाच्याच वहीवर बोट ठेवून, खरवडून काढत होता, आणि मनापासून समजत होता की आपण बापाची गाडी जपतोय. मला ते समजलं आणि तरी मी वाचत राहिले. वाचणाऱ्याने ओळ गाळायची नाही, ही माझी शिस्त. त्या शिस्तीचा मला अभिमान होता.

शेवटून दहाएक पानं असताना ते टिपण आलं. मी आधी मनात वाचलं आणि मला अगदी उमाळा आला. वाटलं, आता झालं. हे ऐकल्यावर राव तरी काय बोलणार? म्हणून मुद्दाम मामींकडे तोंड करून मोठ्याने वाचलं: "चिरंजीव सौभाग्यवती मंजुळा ठेंगणी. खिडकीबाहेर दृष्टी पोहोचत नाही. माहेरची वाट दिसावी म्हणून मागील गादी चार बोटें उंच करविली. आंत काथ्या भरविला. तिला सांगितलें नाही, संकोचेल."

मामी उठून उभ्या राहिल्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या गादीवर बसत आल्या होत्या आणि त्यांना हे ठाऊक नव्हतं. "मामंजींनी?" एवढंच म्हणाल्या. डोळे भरून आले होते, पण त्या हसत होत्या. सासऱ्याच्या फोटोकडे बघत तशाच उभ्या.

राव लिहायचे थांबले होते. पेन्सिल हातात धरून म्हणाले, "म्हणजे ती गादी मूळची नव्हं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, "राव, अहो, तुमच्या वडिलांनी स्वतः करवून घेतलीय ती. मामींसाठी."

"होय की. म्हणूनच सांगूलालों. पुस्तकांत उंची दिली हाय, मापून पाहतों." कारखान्याचं छापील पुस्तक त्यांच्याकडे होतं. "बाई, तुम्ही वाचलांत म्हणून कळलं. नाहींतर कोणास कळणार होतं?"

माझे आभार मानले त्यांनी! मी काही तरी बोलायला हवं होतं. आरडाओरडा करायला हवा होता. मी वही मिटली आणि वर निघून गेले. जिन्यात असताना मागून मामींचं ऐकू आलं, "नको हो. तेवढी राहूं दे." एकदाच म्हणाल्या. त्यांनी आणखी एकदा म्हटलं असतं तर, असं मी पुष्कळ दिवस मनात घोकलं. पण दुसऱ्याच्या बायकोने किती वेळा म्हणायला हवं होतं हे ठरवणारी मी कोण? एकदा म्हटलेलं पुरायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी शेडबाहेर काथ्याचा ढीग पडला होता. जुना, काळपट, बसून बसून घट्ट झालेला. मामींनी तो गोळा केला आणि मागच्या पडवीत एका पोत्यात भरून ठेवला. त्यानंतर त्या शेडमध्ये पाला घेऊन गेल्या नाहीत. शेवगा काढायचा झाला तर स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून.

वर्षभराने गाडी उभी राहिली. विलायतेहून नळी आली, इंजिन बसलं, हिरवा रंग पुस्तकातल्या रंगाशी उन्हात धरून तपासला गेला. गाडी सुरू झाली तेव्हा अँटनीच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी कबूल करते. माझ्याही आलं. रावांनी मागचं दार उघडलं आणि आत बघून हाक मारली, "अगो, चल. तिरुवैयारूला जाऊं." मामी ओल्या हातांनी दारात आल्या. गाडीकडे पाहिलं. म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मज काम हाय." आणि परत आत.

त्या कधीच बसल्या नाहीत. रावांनी दोन-चारदा विचारलं, मग सोडून दिलं. "बाई हट्टी," मला सांगायचे. "अकरा वर्षें मागं लागली, आतां बसायस नको. काय म्हणावं?" खरोखर कोड्यात पडल्यासारखे सांगायचे. मी एकदा न राहवून म्हटलं, राव, गादी पुन्हा उंच करा, बसतील. तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना कुणाच्या खिशात हात घालायला सांगितलंय. त्या वर्षी कोइमतूरच्या एका प्रदर्शनात गाडीला कप मिळाला. गाडी गेली ट्रकवर चढवून, ताडपत्रीत गुंडाळून. रस्त्याने नेली तर झिजेल, आणि हमरस्त्यावर ते जुने ब्रेक काय करतील याची त्यांनाही खात्री नव्हती. कप दिवाणखान्यात वडिलांच्या फोटोखाली ठेवला. मामी रोज दोन्ही पुसायच्या.

मामी गेल्या त्या अचानक. छातीत कळ आली आणि तीन दिवसांत खेळ आटोपला. राव रडले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देत राहिले.

अस्थी तिरुवैयारूला कावेरीत सोडायच्या होत्या. नातेवाईक व्हॅनने पुढे गेले, तुळजा तिकडे घाटावरच येणार होती. राव म्हणाले, "मंजुळेला मी आपल्या वंडीतून नेतों." मागे मामींची थोरली बहीण रखुमाक्का बसली, मांडीवर कापडाने तोंड बांधलेलं मडकं घेऊन. ती बहिणीइतकीच ठेंगणी. तिला एकटीला भीती वाटते म्हणून मला पुढे बसवलं.

त्या घराण्यात एक रीत आहे. अस्थी नेताना नदी ओलांडली की मडकं धरणाऱ्याने मेलेल्या माणसाला सांगायचं, अमुक नदी आली, सोबत ये. नाहीतर जीव अलीकडेच राहतो म्हणतात. तंजावूर ते तिरुवैयारू पाच नद्या. रखुमाक्का खिडकीकडे मान उंच करून बसली होती. गावाबाहेर पडल्यावर म्हणाली, "भावोजी, नदी आली कीं सांगा. मज येथून नुसतं आभाळ दिसूलालं."

पहिला पूल आला.

"भावोजी?"

"वडवारू," राव म्हणाले.

"मंजुळे, वडवारू आली. सोबत ये." मागून आवाज आला.

गाडी पंचवीसच्या वर जात नव्हती. मागून बस, ऑटो, दुचाक्या हॉर्न वाजवत पुढे जात होत्या. वेण्णारूला त्यांनी स्वतःहून सांगितलं. तिसऱ्या नदीला रखुमाक्काला दोनदा विचारावं लागलं. चौथीच्या वेळी रावांचे नुसते ओठ हलले, तेव्हा "कुडमुरुट्टी" मी सांगितलं. बाहेर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, भाताची खाचरं, पाण्यावर बगळे, सगळं लख्ख ऊन पडलेलं. पुढच्या सीटवरून मला अगदी छान दिसत होतं.

कावेरीच्या पुलावर मधोमध त्यांनी गाडी थांबवली. "आली का? भावोजी, कावेरी आली का?" रखुमाक्का विचारत होती. ते उतरले. मागचं दार उघडलं, तिच्या मांडीवरून मडकं उचललं आणि कठड्यापाशी गेले. कठडा छातीएवढा. त्यांनी मडकं त्याच्यावर धरलं. मग ते पुरेसं नाही असं वाटून डोक्याच्या वर उचललं, आणि तरीही समाधान होईना म्हणून टाचा वर केल्या. सत्तरी ओलांडलेला माणूस, दोन्ही हात वर, एकेका नदीचं नाव घेऊन तिला सांगत होता. पाचही नद्यांची. पहिल्यापासून.

मागे गाड्यांची रांग लागली. एका बसचा ड्रायव्हर खाली उतरून ओरडायला लागला. रखुमाक्का रडत म्हणाली, "अगो, त्यांना धर, पडतील." मी जागची हलले नाही. मला दया यायला हवी होती. ती आली नाही. आता कशाला, एवढंच माझ्या मनात होतं. शेवटी तो बसचा ड्रायव्हरच पुढे झाला आणि त्याने मागून त्यांच्या कोपरांना आधार दिला.